पावणेदोन हात माती

पहाटे सव्वापाच

मे महिन्यात नारायणगावात गजर लावावा लागत नाही. टोमॅटोच्या गाड्या पाचच्या आधीच स्पीडब्रेकरवर आदळायला लागतात आणि रिकाम्या क्रेटांचा खडखडाट भिंतीतून थेट अंथरुणात येतो. चहाला आधण येईपर्यंत मी मोटारसायकलवर सामान बांधून घेतो. ऑगर, म्हणजे मातीत पिळत न्यायचं लांब गिरमिट. खुरपं, प्लास्टिकची बादली, कापडी पिशव्या, पाण्याची बाटली, ड्रॉपर लावलेली सौम्य ॲसिडची छोटी बाटली आणि पेन्सिल. पेन चालत नाही. ओलसर मातीत टाकलेल्या चिठ्ठीवरची शाई फुटते आणि मग एका गटाची माती दुसऱ्याच्या नावावर चढते. बादलीही पत्र्याची नको. तिचं जस्त मातीत उतरलं की रिपोर्टात जस्त भरपूर आणि वावरात पीक पिवळं, असा प्रकार होतो.

ऑगरच्या दांड्यावर टोकापासून ऐंशी सेंटिमीटरवर मी लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे. पोरं विचारतात, ऐंशीच का? तर हा आकडा माझा नाही, कंपनी सरकारचा आहे. आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी शेतसाऱ्यासाठी जमिनीची प्रत ठरवायला घेतली. १८४७ मध्ये डेव्हिडसनला बरोबर घेऊन त्यांनी तिचे नियम पक्के केले. काळी, पावणेदोन हात खोल, दोष नसलेली जमीन म्हणजे सोळा आणे. खोली कमी झाली की आणे कमी, रंग उतरला की आणे कमी. वर दोषांची वजावट वेगळीच : चुनखड, वाळू, उतार, पाणी न जिरू देणारा करल, खालून पाणी फुटणारी उपळट. पावणेदोन हात म्हणजे साधारण ऐंशी सेंटिमीटर.

जुन्नर-आंबेगावात आजही म्हातारी माणसं एखाद्या वावराला ‘सोळा आणे जमीन’ म्हणतात. त्या सोळा आण्यांचं पुढं काय झालं ते बघणं, हाच माझा पोटापाण्याचा धंदा. माती-पाणी तपासणीच्या एका लहानशा प्रयोगशाळेसाठी मी नमुने घेत फिरतो. मे हा आमचा सुगीचा महिना. रब्बी निघालेली असते, खरिपाची खतं पडायची असतात, मोकळी माती हाताला लागते.

सकाळी साडेसहा, मीनेच्या काठी

पहिलं वावर नारायणगावच्या खालच्या अंगाला, मीना नदीला लागून. नाना बांधावर उभे होते, पण उसापासून चांगले वीस पावलं लांब. हातात काठी, गळ्यात मोबाइल, मोबाइलवर मोठ्यानं हरिपाठ. “उजाडू द्या जरा,” म्हणाले. “काल पलीकडच्या चारीत दिसलाय.” काय दिसला ते आमच्याकडं सांगावं लागत नाही. धरणं झाली, पाणी आलं, ऊस आला आणि उसात बिबट्या आला. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, ते काय उगीच नाही. मी सात वाजेपर्यंत गाडीवर बसून राहिलो. नमुना उशिरा घेतला तरी चालतो.

दोन एकर खोडवा ऊस. रस्त्याच्या बाजूचा डोक्याच्या वर गेलेला, नदीच्या बाजूला उतरत जाईल तसा छातीएवढा, कमरेएवढा, आणि खालच्या कोपऱ्यात गुडघ्याएवढी पिवळी दाढी. नानांचं म्हणणं, बेणं खराब लागलं. मी म्हणालो, बेणं खराब असतं तर सगळीकडंच खराब असतं ना. ते गप्प झाले.

खालच्या कोपऱ्यात मी खाली वाकून बघितलं. लोक ही जमीन दुपारी बघतात, तेव्हा तिच्यावर पांढरी पापडी दिसते आणि ‘मीठ फुटलंय’ असं म्हणून मोकळे होतात. सकाळी सातला तेच डाग ओलसर, काळपट, तेलकट दिसतात, कुणी रात्री तिथं काहीतरी सांडलं असावं तसे. क्षार हवेतली ओल ओढून घेतात. बाकीचं रान कोरडं आणि एवढेच ठिपके घामेजलेले. जमीन आजारी आहे हे ओळखायला याहून सोपी खूण मला माहीत नाही. त्यासाठी फक्त लवकर उठावं लागतं.

ऑगर लावला. पहिली वीत काळी, चिवट. पिळून वर काढलेली माती अंगठ्यानं दाबली तर मेणासारखी चकाकली. दुसऱ्या वितीला ढेकूळ मोडेना. तिथं ॲसिडचे दोन थेंब टाकले, तर सोड्याच्या बाटलीचं बूच काढावं तशी फसफसली, म्हणजे चुनखडी. लाल पट्टी मातीला टेकली तरी मुरूम नाही, खडक नाही. सोळा आणे खोल. आणि मग पट्टीच्याही खाली गेल्यावर ऑगरचं पातं पचकन आवाज करून सुटलं. वर काढलं तर टोकाला पातळ चिखल. मे महिन्यात, हाताच्या अंतरावर पाणी.

नाना म्हणाले, “माझा आजा या तुकड्यात नुसत्या दवावर हरभरा घ्यायचा. पाणी म्हणून दिलं नाही कधी.”

आजोबांचं बरोबर होतं. ही काळी माती बसाल्टाची, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची झीज. नदीनं ती हजारो वर्षं वाहून आणून काठावर पसरली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की हातभर खोल भेगा पाडते. त्या भेगांत वरची माती पडते, म्हणजे जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. पावसाळ्याचं पाणी धरून ठेवायचं आणि थंडीत ज्वारी, गहू, हरभऱ्याला थोडं थोडं सोडायचं, ही तिची कला. सोळा आणे दिले गेले ते या कलेला. तेव्हा पाणी आभाळातूनच यायचं, म्हणून पाणी धरणारी जमीन श्रीमंत.

मग कुकडी प्रकल्प आला. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. कॅनॉलला आवर्तन सुटायला लागलं, उसाला पाटानं पाणी बसायला लागलं, आणि जी जमीन पाणी धरून ठेवण्यात पटाईत ती ते सोडीना. खालून पाणी वर सरकलं, क्षार बरोबर घेऊन आलं. पाणी उडालं, क्षार राहिले. सोडियम वाढला की मातीचे कण विस्कटतात, छिद्रं बुजतात. त्याला आपण चोपण म्हणतो. जमीन तीच, तिचा गुण तोच. फक्त पाणी बदललं आणि गुणाचा दोष झाला.

नानांना हवं होतं ते खताचं नाव. ते मिळालं नाही म्हणून जरा हिरमुसले. जिप्सम लागेल, पण रिपोर्ट आल्यावर आणि मापानं. त्याआधी चर. साचलेलं पाणी बाहेर जायला वाट नसेल तर जिप्समच्या गोण्या म्हणजे तुंबलेल्या मोरीत साबण.

“चर नदीकडंच काढावा लागंल,” नाना म्हणाले.

“हो.”

“मधी चुलत्याचं वावर हाय.”

यावर मातीशास्त्रात काही उपाय नाही. मी पिशवीवर पेन्सिलीनं गट नंबर लिहिला. वरच्या उसाची माती वेगळी, खालच्या कोपऱ्याची वेगळी. दोन पिशव्या, दोन चिठ्ठ्या.

नऊच्या सुमारास, बोरीला

खोडदच्या बाजूनं जाताना जीएमआरटीच्या तबकड्या दिसतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० दुर्बिणी या परिसरात पसरल्या आहेत आणि कुठल्या कुठल्या दीर्घिकांच्या रेडिओ लहरी ऐकत बसतात. खाली कांद्याची बराख, वर आकाशगंगा. सवय झाली की दोन्हींकडं लक्ष जात नाही.

बोरी बुद्रुकला मात्र मी दर वेळी थांबतो. कुकडीच्या काठाला इथं उभे कडे आहेत, मातीचे. नदीत उतरून वर बघितलं की पुस्तकाची पानं कडेनं दिसावीत तसे थर दिसतात : खाली गोटे आणि वाळू, वर पिवळसर गाळ, त्यात चुनखडीचे हरभऱ्या-सुपारीएवढे खडे, मधेच पुन्हा वाळूची रेघ. आणि एका ठिकाणी पांढुरकी राख. चिमटीत घेतली तर भाकरीच्या पिठाहून मऊ, पण दातांखाली कचकचते, काचेची असल्यासारखी. असल्यासारखी नाही, काचेचीच आहे. ही ज्वालामुखीची राख, आणि तो ज्वालामुखी सह्याद्रीतला नाही. अभ्यासक तिचा संबंध सुमात्रा बेटावरच्या टोबाशी जोडतात. तिच्या वयावर भांडण आहे. कुणी १४ लाख वर्षं काढली, कुणी पाऊण लाख. राखेच्या सोबतीला आदिमानवाची दगडी हत्यारं सापडल्यामुळं हा वाद नुसता राखेचा राहिला नाही.

मला त्या वयात पडायचं नाही. मला तो कडा वेगळ्याच कारणासाठी लागतो. शेतकरी म्हणतो, “आमची नदीकाठची, गाळाची जमीन, दर पुराला नवी होते.” त्याला मी इथं आणतो आणि म्हणतो, वर बघा. तुमचं वावर त्या कड्याच्या डोक्यावर आणि नदी इथं पायाशी. या कड्यावर पूर चढून किती पिढ्या झाल्या? हा गाळ नदीनं टाकला खरा, पण तो फार जुना हिशेब आहे. पुढं तीच नदी आपलाच गाळ कापत खाली गेली. नवीन गाळ आता पिंपळगाव जोगे, माणिकडोह, येडगावच्या तळाशी बसतो. वावराला नदीकडून येणारा पगार बंद झालाय, आपण जुन्या ठेवीवर जगतोय.

आज बरोबर आलेला तरुण शेतकरी द्राक्षवाला. त्याची बाग वर, काठापासून लांब, मुरमाड चढावर. त्यानं कड्याकडं बघितलं, राखेचा फोटो काढला आणि विचारलं, “मग नदीकाठची सोडून लोक वर का आले?”

हाच तर प्रश्न. त्याच्या बागेत ऑगर अर्ध्या हाताच्या खाली जात नाही, ठण्‌ वाजतो. कंपनीच्या साहेबानं या तुकड्याला चार-पाच आण्यांच्या वर मोजलं नसतं. माळ, गुरं चारायची जागा. आज तिथं ठिबक आहे, डॉगरिज खुंटावर कलम केलेली द्राक्षं आहेत आणि माल परदेशी जातो. द्राक्षाला पाय ओले ठेवलेले चालत नाहीत. मुरूम पाणी धरत नाही, आणि ठिबकमुळं त्यानं ते धरायची गरजही उरली नाही. रोज हवं तेवढंच, मुळाशी. खालच्या श्रीमंत जमिनीनं जे स्वतः करायचं ते वरच्या गरीब जमिनीसाठी आता नळी करते. टोमॅटोचंही थोडंफार तसंच. तार-काठीवर चढवलेलं पीक, पावसाळ्यात दोन दिवस पाणी साचलं की मान टाकतं, उतारावरचं टिकतं.

त्याच्या बागेच्या एका कडेला मात्र पानं पिवळी, शिरा हिरव्या. केवडा. ॲसिड टाकलं : फसफस. लोह मातीत असतं, पण चुना ते मुळांना घेऊ देत नाही. “नवीन प्लॉट धरायचाय तिकडं,” तो म्हणाला. मी सांगितलं, आधी खड्डा घ्या, तीन फूट, आणि तळाची माती मला द्या. वरची नको. द्राक्ष वीस वर्षं राहणार, त्याची मुळं वरच्या वितीत थोडीच राहणार आहेत?

दुपारी बारा, प्रयोगशाळा

आतल्या कामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नमुने सावलीत वाळतात, उन्हात नाही. लाकडी दस्त्यानं कुटायचे, दोन मिलिमीटरच्या चाळणीनं चाळायचे. एक भाग माती, अडीच भाग पाणी, ढवळून सामू बघायचा. सेंद्रिय कर्बाला पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ॲसिड. नारिंगी रंग जितका हिरव्याकडं झुकेल तितका कर्ब जास्त. आमच्याकडं तो फार झुकत नाही. स्फुरदाचा निळा रंग, पालाशाला फ्लेम फोटोमीटर. प्रयोगशाळेतली पोरगी हुशार आहे, माझ्याशिवाय करते.

मी भिंतीवरच्या कागदासमोर जेवतो. तो कागद मीच डकवलाय, जुना रिपोर्ट आहे. बारा वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या तीन एकरांतून मी नागमोडी चालत पंधरा ठिकाणची माती घेतली, ‘व्ही’ आकाराचे खड्डे, वीतभर खोल, सगळं पुस्तकाप्रमाणं. बादलीत एकत्र केली, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो उरवली. रिपोर्ट सुरेख आला : सामू मध्यम, चुना मध्यम, सगळं मध्यम. त्यावर त्यानं बाग लावली. अर्धी बाग चौथ्या वर्षी उपटावी लागली. त्या तीन एकरांत वर मुरमाड होतं, खाली चुनखडीची काळी. मी दोन्हींची भेळ केली आणि सरासरी काढली. ती सरासरी त्या रानात कुठंच नव्हती. त्यानं मला एका शब्दानं बोल लावला नाही, हेच जड जातं. तेव्हापासून एका गटात रंग बदलला की पिशवी बदलते, मग शेतकरी दोन नमुन्यांच्या फीवरून कितीही कुरकुरो.

दुपारी साडेतीन, सातगाव पठार

मंचर ओलांडून, अवसरीचा घाट चढून पेठला आलं की हवा बदलते आणि माती तर बदलतेच. कुरवंडीच्या रस्त्याला डावी-उजवीकडं तांबूस, भुसभुशीत, दगडगोटे मिसळलेलं रान, नांगरून उन्हात टाकलेलं. कॅनॉल नाही, नदी नाही. जून लागला, वाफसा आला की इथं बटाटा पडतो, पावसावर. खरिपातला बटाटा महाराष्ट्रात सगळीकडं जमत नाही. इथं जमतो, कारण उन्हाळा संपता संपता हवा गार होते, पाऊस झिमझिम पडतो आणि पडलेलं पाणी थांबत नाही.

इथं मी ऑगर लावायचं नाटक करतो, तेवढंच. पट्टी हवेतच राहते. पण बटाट्याला पावणेदोन हात करायचेत काय? त्याला दीड-दोन वीत मोकळी माती हवी, जिच्यात तो चहूबाजूंनी फुगेल. काळ्या चिकण जमिनीत बटाटा दबतो, वेडावाकडा होतो, काढताना चिखल घेऊन येतो आणि बराखीपर्यंत पोचायच्या आत सडायला लागतो. इथला खुरप्यानं उकरला की झटकून पोत्यात. या पाच-सहा आण्यांच्या मातीवर सात गावांची लग्नं होतात.

आजचं भांडण गाळावरून होतं. दादांच्या वावराशेजारी काळ्या गाळाचे चार डंपर ओतलेले. उन्हाळ्यात तलाव, धरणाचे काठ उघडे पडतात, तिथला गाळ उचलून शेतात टाकायचा. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजनाच आहे. कल्पना चांगली. नदीनं थांबवलेलं काम ट्रॅक्टर करतो. मघाशी बोरीच्या कड्यात हजारो वर्षांचं बघितलं, तेच इथं चार दिवसांत. पण नदी गाळ टाकताना वावरात काय पिकतं ते विचारत नव्हती, आपण विचारू शकतो.

दादांना सगळीकडं सहा-सहा इंच पसरायचा होता. “काळी आई आहे सायेब, फुकट मिळतीय.”

मी गाळाचा गोळा ओला करून तळहातावर वळला. सुतळीएवढी वळी झाली, वाकवली तर तुटली नाही. मग त्यांच्या रानातली तांबडी माती तशीच वळली; दोन पेरांवर भुगा झाला. दोन्ही त्यांच्या हातात दिल्या. काही बोललो नाही.

त्यांनी वळीकडं बघितलं, भुग्याकडं बघितलं. “म्हंजे बटाटा यात अडकंल?”

“अडकेल, आणि सहा इंच वर-खाली दोन जाती झाल्या तर पाणी मधेच थांबेल. बोटभर पसरा, शेणखताबरोबर, नांगरून एकजीव करा. जास्तीचा त्या खालच्या तुकड्यात टाका, जिथं रब्बीला कांदा करता.”

“डंपरवाल्याला दहा खेपा सांगितल्यात.”

“चार झाल्यात ना? बाकीच्या शेजाऱ्याला द्या.”

ते हसले. शेजाऱ्याला फुकट काही द्यायची कल्पनाच त्यांना गमतीची वाटली असावी. ऐकतील की नाही, जूनमध्ये कळेल. बाजारात गेल्या वर्षी ज्याला भाव मिळाला ते पीक सगळ्यांना यंदा लावायचं असतं. जुलै २०२३ ला टोमॅटोनं इथल्या काही घरांत गाडी आणली. पुढच्या हंगामात ज्यांच्या रानात टोमॅटोचा जीव गुदमरतो त्यांनीही तो लावला. भाव मातीला विचारून ठरत नाही, हे मला मान्य आहे. पण पीक मातीतूनच काढावं लागतं.

संध्याकाळी पावणेसहा, मंचर

मंचरला बियाण्याच्या बटाट्याचे ट्रक लागलेत, पंजाबचे नंबर. पोत्यांवर चढून लोक दाबून बघतायत, कोंब आलेला कुठला, नासका कुठला. त्या गर्दीच्या कडेला एका दुकानात पश्चिमेकडचे नमुने येऊन पडतात. आज नमुन्यांबरोबर माणूसही आलेलं. डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या एक मावशी, एसटीनं घोडेगावावरून आलेल्या. घोडेगाव आता तालुक्याचं ठिकाण. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, घोड नदीच्या काठच्या त्याच्या वावरांसकट. तिथली माती मला कधी बघायला मिळाली नाही. जुनी माणसं तिच्याबद्दल सांगताना आवाज खाली आणतात.

मावशींच्या पिशवीतली माती वीटकरी लाल, हलकी, मुठीत घेतली तरी वजन नाही. ॲसिड टाकलं तर ढिम्म. तिथं पाऊस इतका की चुना, पोटॅश, सगळं धुऊन खाली जातं. पूर्वेला, पन्नास-साठ किलोमीटरवर, तोच चुना साठून पिकाला केवडा पाडतो, आणि इथं वर त्याचा टिपूस नाही. एकाच नदीच्या डोक्याला उणीव आणि पायाला साठा.

“राब जाळला का?” मी विचारलं.

“जाळला की. आता पाऊस पडंस्तोवर राख उडून नाही गेली म्हंजे झालं.” आणि मग, “कृषीवाला म्हणाला जाळू नका. तुमचं काय म्हणणं?”

राब म्हणजे भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून भाजणं. झाडं तोडली जातात हे खरं. पण त्या राखेनं आंबट माती थोडी गोड होते, पालाश मिळतो, तणाचं बी मरतं, हेही खरं. मी म्हणालो, फांद्या कमी करा, भाताचा तूस आणि गवत वाढवा, जागा लहान ठेवा. त्यांनी मान डोलावली. पटलं म्हणून की बस चुकेल म्हणून, सांगता येत नाही.

त्यांचा खरा प्रश्न वेगळाच होता. घरामागच्या उतारावर खाचरं वाढवायचीत, एकजण यंत्र लावून देतो म्हणतोय. आमच्याकडच्या आदिवासी पट्ट्यात पडकई नावाची रीत आहे : गावानं एकमेकांच्या रानात राबून दगडाचे बांध घालायचे, उताराच्या मातीला पायऱ्या पाडायच्या, एका वर्षात थोड्याच. हळू काम आहे. ३० जुलै २०१४ ला माळीण गावावर डोंगर आला, दीडशेच्या आसपास माणसं गेली. पाणी प्यायलेली ती माती कशी सरकली याचा विचार केला की उतारावर यंत्र चालवायला मी ‘हो’ म्हणू शकत नाही. इथं सुपीकता नंतर, आधी माती जागेवर राहू दे. मी म्हणालो, “मावशी, पडकईनंच करा.”

“तेच म्हणत होते मी. पण पोरगा ऐकत नाय.”

पिशवी घेऊन मी पावती दिली. त्यांनी पदराच्या गाठीतून पैसे काढले, मोजून दिले, आणि वर दोन हिरड्याची फळं ठेवली माझ्या हातावर. खोकल्याला.

रात्री साडेआठ

घरी आलो तर नारायणगावच्या बाजारात कोथिंबिरीचा लिलाव चालू होता. शेकड्याचा भाव पुकारणारा आवाज ओट्यापर्यंत ऐकू येतो. नखांतली माती ब्रशनं काढायला लागलो. सकाळची काळी निघत नाही, दुपारची तांबडी एका पाण्यात जाते.

नानांचा फोन.

“जेसीबीवाला उद्याच मोकळा हाय. परवा पुढं जाणार. चर कुठून धरू?”

“खालच्या कोपऱ्यातून, नदीच्या दिशेनं. तीन फूट तरी खोल. पण चुलत्यांशी बोललात का?”

पलीकडं हरिपाठ चालू होता. तो कुणीतरी बारीक केला.

“आमचं बोलणं न्हाई बारा वरसं. तुम्ही आला असता सकाळी, त्यांच्याही वावरात ते गिरमिट घालून दाखवलं असतं. पाणी त्यांच्याबी खाली असंलच की.”

असणारच. पाणी बांध बघून थांबत नाही. नानांच्या उसाच्या खाली आहे म्हणजे चुलत्यांच्या गव्हाच्या रानाखाली चार बोटं वरच असेल.

“किती वाजता येतात ते रानात?”

“उजाडल्यावर. बिबट्याला आमच्यापेक्षा जास्त भितो.”

मी पेन्सिलीला टोक काढलं आणि आणखी दोन रिकाम्या पिशव्या ऑगरला बांधून ठेवल्या.